पोटॅशियमचा आकडा आणि घरातले ताट

मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही विकार मला बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि त्यांचा परिणाम माझ्या मूत्रपिंडांवर झालेला आहे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी केलेल्या तपासणीत क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक, २.१ निघाले. मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात याचा अंदाज देणारा ईजीएफआर हा आकडा निरोगी तरुण माणसात शंभराच्या आसपास असतो. माझा ३४ होता. याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिलेली असल्यामुळे धक्का बसला नाही. त्याच कागदावर खाली पोटॅशियम ६.२ असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि ही नोंद मात्र नवी होती. रक्तातील पोटॅशियमची सर्वसाधारण पातळी लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट इतकी मानतात. मला थकवा नव्हता, छातीत धडधड नव्हती, पायांत अशक्तपणा नव्हता. पोटॅशियम वाढले तरी बहुतेक वेळा माणसाला काहीच जाणवत नाही आणि धोका असतो तो थेट हृदयाच्या ठोक्यांना, हे मला त्यानंतर कळले. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत आणि ज्यांच्या घरी असा कागद कधी ना कधी येणार आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा आहाराविषयी काहीच विचारले नाही. रक्त कुठे दिले, दंडाला पट्टा किती वेळ बांधला होता, मूठ वारंवार उघडझाप करायला सांगितली होती का, आणि नळी प्रयोगशाळेत किती वेळाने पोचली, असे त्यांचे प्रश्न होते. आम्ही फलटणला राहतो. रक्त गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी घेतले गेले आणि तपासणीसाठी दुसऱ्या शहरात गेले. रक्तातील तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेले असते. नमुना घेताना किंवा नेताना त्या पेशी फुटल्या, किंवा नळी बराच काळ थंड जागी तशीच राहिली, तर आतले पोटॅशियम बाहेरच्या द्रवात उतरते आणि माणसाच्या शरीरात नसलेली वाढ कागदावर दिसते. मूठ वारंवार आवळल्यानेही हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम शिरेत येते. म्हणून त्यांनी तिथेच, पट्टा थोडाच वेळ बांधून आणि मूठ सैल ठेवून, पुन्हा रक्त घेतले व ताबडतोब तपासले. या वेळी आकडा ५.७ आला. “काका, वरचा अर्धा नमुन्याचा आणि बाकीचा तुमचा,” असे ते म्हणाले आणि लगेच ईसीजी काढून घेतला. पोटॅशियम धोकादायक वाढले की त्या आलेखातली टी नावाची लाट उंच आणि टोकदार होते. माझा आलेख सर्वसाधारण होता. तसा तो नसता, किंवा आकडा साडेसहाच्या वर असता, तर मला तिथेच दाखल करून घेतले असते.

मग त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते समजल्यानंतरच पुढचे सगळे माझ्या हातून नीट झाले, म्हणून ते इथे जरा विस्ताराने मांडतो. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे मी ते माझ्या भाषेत असे बसवून घेतले की शरीरातले पोटॅशियम म्हणजे धरणातला साठा आणि रक्ताची तपासणी म्हणजे कालव्याच्या मुखावरची मोजपट्टी. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण साडेतीन हजार मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. त्यातले सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंमध्ये, असते. रक्त आणि पेशींबाहेरचा सगळा द्रव मिळून जेमतेम साठ मिलिइक्विव्हॅलंट उरते. पोटॅशियमचा एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे ३९ मिलिग्रॅम. डाळ, भाजी, फळे आणि दूध असे चांगले चौरस जेवणारा माणूस दिवसाला दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे पन्नास ते पंच्याहत्तर मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम सहज खातो. याचा अर्थ असा की पेशींबाहेर असलेल्या सगळ्या पोटॅशियमइतके पोटॅशियम आपण रोज ताटातून घेतो, आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातला आकडा दशांशाच्या पलीकडे फारसा हलत नाही.

तो न हलण्याची कारणे दोन आहेत. जेवण झाले की इन्सुलिन वाढते आणि ते साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलते. प्रत्येक पेशीच्या पडद्यावर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ओढणारा एक पंप असतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी तो १९५७ मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे काम मिनिटांत होते. त्यानंतरच्या काही तासांत मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. रोजच्या सेवनातला सुमारे नव्वद टक्के भाग त्यांच्याकडून जातो आणि उरलेला शौचावाटे. माझ्या बाबतीत दोन्ही ठिकाणी अडचण होती. मधुमेहामुळे इन्सुलिनचे काम अपुरे आणि मूत्रपिंडांची क्षमता एक तृतीयांशावर आलेली.

एक हिशेब मी त्याच संध्याकाळी कागदावर मांडला. शहाळ्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. एका शहाळ्यातून तीनशे मिलिलिटर पाणी निघाले तर ते ७५० मिलिग्रॅम, म्हणजे १९ मिलिइक्विव्हॅलंट झाले. पेशींबाहेरचा द्रव चौदा लिटर धरला आणि हे सगळे तिथेच राहिले असे मानले, तर लिटरमागे आकडा एकदम सव्वा ते दीडने वाढेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण बरेचसे पोटॅशियम पेशींत जाते. परंतु आत ढकलण्याची आणि बाहेर टाकण्याची शक्ती जितकी कमी, तितका या हिशेबाचा मोठा वाटा रक्तात उरतो. रक्तदाबाच्या माणसाने शहाळे प्यावे, केळे खावे, पालेभाज्या खाव्यात, हा सल्ला चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावे असे सांगते, आणि त्याने रक्तदाब उतरतो हे खरे आहे. मात्र तो सल्ला चांगल्या मूत्रपिंडांना गृहीत धरतो, हे वाक्य त्या सल्ल्याबरोबर क्वचितच ऐकू येते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

डॉक्टरांनी पुढचा विचार औषधांचा केला. मी टेल्मिसार्टन घेत होतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी ही गोळी लघवीतून जाणारी प्रथिने कमी करते आणि मूत्रपिंडांचे आयुष्य वाढवते, परंतु तिच्यामुळे पोटॅशियम अंगात राहते. ती बंद करणे म्हणजे मूत्रपिंडांचे संरक्षण काढून घेणे होय, म्हणून त्यांनी ती ८० मिलिग्रॅमवरून ४० वर आणली आणि आहार सावरला की पुन्हा वाढवू असे सांगितले. गुडघेदुखीसाठी मधूनमधून घेतली जाणारी वेदनाशामक गोळी पूर्ण थांबवली, कारण अशा गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात आणि पोटॅशियमही वाढवतात. रक्तातले आम्ल आवरणारे बायकार्बोनेट १८ होते, ते २२ च्या वर हवे. रक्तात आम्ल साठले की पोटॅशियम पेशींतून बाहेर येऊ लागते, म्हणून सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या सुरू झाल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी पोट रोज साफ होते का, असे विचारले. मूत्रपिंडे मंद झाली की मोठे आतडे पोटॅशियम बाहेर टाकण्याचा आपला वाटा वाढवते, आणि बद्धकोष्ठ असेल तर ती वाटही अडते. रात्री इसबगोल घेण्याचा सल्ला त्यातूनच मिळाला, आणि पोटॅशियमसाठी इसबगोल हे ऐकून पत्नीला प्रथम फार नवल वाटले.

यानंतर आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवले. त्या बाईंनी पत्नीला समोर बसवले आणि म्हणाल्या, “काकू, काय वर्ज्य ते मी नंतर सांगेन, आधी तुमच्या घरात काय शिजते ते सांगा.” हा क्रम मला फार योग्य वाटला. प्रतीक्षागृहात भेटलेल्या एका गृहस्थांनी कुणाच्या तरी यादीवरून डाळ, भाजी, फळे आणि दूध असे सगळेच सोडून दिले होते. भात आणि साखर यांवर राहून त्यांचे वजन उतरले होते, दंड सुकले होते, आणि पोट साफ होत नसल्याने पोटॅशियम म्हणावे तसे खाली आलेही नव्हते. भीतीने केलेला आहार असा दोन्हीकडून नुकसान करतो. स्नायू झिजले की त्यांच्यात साठलेले पोटॅशियमही रक्तातच उतरते, हे त्या माणसाला कुणीतरी वेळीच सांगायला हवे होते.

आमच्या ताटाचा हिशेब करण्यासाठी आहारतज्ज्ञांनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते आणि इतर काही कोष्टके वापरली. शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण ४२० मिलिग्रॅम, केळ्यात ३६०, पालकात ५५० च्या पुढे, टोमॅटोत २४०, पेरूत ४००, शेंगदाण्यात ७००, खजुरात साडेसहाशे. सफरचंदात १०० च्या थोडे वर, नासपतीत ११५, पपईत १८०, काकडीत आणि दुधी भोपळ्यात १५०, कोबीत १७०. शिजलेल्या पांढऱ्या भातात जेमतेम ३५. कोरड्या तूरडाळीत मात्र १,३०० च्याही वर. तूरडाळीचा आकडा पाहून पत्नी घाबरली, तेव्हा बाईंनी तिला आठवण करून दिली की एका वाटी पातळ वरणात कोरडी डाळ वीस-पंचवीस ग्रॅमच असते आणि ते वरण म्हणजे तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅमचा आकडा आणि वाढलेल्या वाटीतला आकडा यांतला हा फरक ज्याला समजला त्याचे निम्मे भय कमी होते. कोथिंबिरीत पोटॅशियम भरपूर आहे, पण चिमूटभर कोथिंबिरीने काही होत नाही. उलट सफरचंद कमी पोटॅशियमचे म्हणून दिवसात चार खाल्ली तर ते एका मोठ्या केळ्याच्याही पुढे जाते.

प्रत्यक्ष बदल स्वयंपाकघरात झाला आणि तो पत्नीने केला. पोटॅशियम पाण्यात विरघळते. म्हणून बटाटा, सुरण, रताळे, शेवग्याच्या शेंगा, पालेभाज्या यांतले पोटॅशियम कमी करायचे तर ते पाण्यात उतरवून ते पाणी टाकून द्यावे लागते. बटाटा रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा असे पुष्कळजण सांगतात. अमेरिकेत २००८ मध्ये बटाट्यावर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या भिजवण्याने फारसे पोटॅशियम निघाले नाही. फोडी करून भरपूर पाण्यात उकळल्यावर सुमारे निम्मे आणि किसून उकळल्यावर सुमारे तीन चतुर्थांश निघून गेले. आमच्याकडे तेव्हापासून बटाटा सोलून, बारीक फोडी करून, मोठ्या पातेल्यात उघडा उकळला जातो आणि पाणी ओतून दिल्यावर फोडणीला पडतो. कुकरमध्ये सालासकट उकडलेल्या बटाट्याला हा फायदा मिळत नाही. तिथे पाणी बटाट्यात शिरत नाही आणि पोटॅशियम बटाट्यातच राहते. मेथी आणि पालक चिरून, एकदा उकळी देऊन, पिळून घेतले जातात. मटकीची उसळ करतानाही मोड आलेली मटकी आधी उकळून पाणी काढले जाते.

हे करताना पत्नीच्या मनाला फार जड गेले, आणि ते मला आजही समजते. भाजीचे पाणी टाकू नये, त्यात सगळे सत्त्व असते, हे तिच्या आईने तिला शिकवले होते आणि तिने आमच्या सुनेला शिकवले होते. ती शिकवण चांगल्या मूत्रपिंडांसाठी आजही खरीच आहे, कारण त्या पाण्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात. म्हणून घरात आता एकाच भाजीचे दोन भाग होतात, बाकीच्यांची भाजी पूर्वीसारखीच होते आणि माझी वेगळी उकळली जाते. सगळ्या घराने माझा आहार घ्यावा, असे मी होऊ दिले नाही. नातवंडांना केळे, शहाळे आणि पेरू यांची गरज आहे.

होळीच्या वेळी याच नियमाचा एक उलगडा झाला आणि तो मला विशेष वाटतो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी निथळतात, आणि त्या येळवणीची कटाची आमटी होते. म्हणजे डाळीतले पुष्कळसे पोटॅशियम आमच्या रीतीने आपोआपच पुरणातून निघून कटात जाते. गूळ मात्र पोटॅशियमच्या बाबतीत साखरेच्या अनेक पट पुढे आहे, आणि मला तर दोन्ही मोजूनच घ्यावी लागतात. आहारतज्ज्ञांनी निर्णय दिला तो असा की अर्धी पोळी तुपाबरोबर खावी, कटाची आमटी भुरकू नये, आणि त्या दिवशी दुसरी डाळ घेऊ नये. कटाची आमटी ही आमच्या भागातल्या सणाची खरी चव आहे; ती सोडणे मला पोळी सोडण्यापेक्षा कठीण गेले.

मिठाचा मुद्दा वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे, कारण ते दिसत नाही. सुनेने रक्तदाबाची काळजी म्हणून कमी सोडियमचे मीठ घरात आणले होते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. समजा एखाद्या मिठात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा आहे. दिवसाला पाच ग्रॅम मीठ पोटात गेले तर सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड गेले, आणि त्यातले ६५० मिलिग्रॅम निव्वळ पोटॅशियम असते. जवळजवळ दोन केळ्यांइतके पोटॅशियम कुणाच्या ध्यानीमनी नसताना आमटीतून जाते. शिवाय भाजीतले पोटॅशियम तंतूंमध्ये आणि पेशींमध्ये अडकलेले असते, त्यामुळे ते सगळे अंगी लागत नाही. मिठातले आणि कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांत मिसळलेले पोटॅशियम जवळपास सगळे शोषले जाते. या मिठाची उपयुक्तता मोठी आहे. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्या व्यक्ती त्या चाचणीत घेतलेल्याच नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली तेव्हाही मूत्रपिंडांचे कार्य बिघडलेल्यांना, गर्भवतींना आणि मुलांना त्यातून वगळले. ज्याच्या घरी रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडांचा रुग्ण एकच आहे, त्याने पाकिटावरची बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत. आम्ही साधे मीठ परत आणले आणि तेच कमी वापरू लागलो. आंबटपणासाठी थोडे लिंबू, आणि वर मिरपूड व जिरेपूड असे जेवणात आले.

काही आठवड्यांनी आकडा ५.१ आला आणि बायकार्बोनेट २२ वर आले. सगळ्यांना बरे वाटले. तरी गोळी कमी झालेली, वेदनाशामक थांबलेली, आम्ल उतरलेले आणि ताटही बदललेले असल्याने यातले नेमके श्रेय कशाचे, हे कुणालाच सांगता आले नसते. डॉक्टरांनीही तसेच स्पष्ट सांगितले. आहाराचा स्वतंत्र परिणाम मला दिसला तो आषाढी एकादशीला. ज्ञानोबांची पालखी आमच्या फलटणवरून जाते, आणि घरात एकादशीचा उपवास पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. औषधे सगळी तीच होती आणि पुढची नेमाची तपासणी योगायोगाने द्वादशीच्या सकाळी होती. आदल्या दिवशी पोटात काय गेले ते मी वहीत लिहून ठेवतच होतो. उपवासाची बटाट्याची भाजी कच्चा बटाटा थेट तुपात परतून करतात, त्यामुळे त्यातले पोटॅशियम सगळे ताटात येते. दोनशे ग्रॅम बटाटा, शंभर ग्रॅम रताळे, आमटी आणि कूट मिळून पन्नास ग्रॅम शेंगदाणे, एक केळे. बेरीज सुमारे १,९०० मिलिग्रॅम, म्हणजे ४८ मिलिइक्विव्हॅलंट झाली, आणि तीही एरवीचा भात आणि भाकरी बाजूला ठेवून. पोटॅशियम ५.५ आले.

आपल्या उपवासाच्या पदार्थांकडे मी तोवर या दृष्टीने पाहिलेच नव्हते, आणि मला वाटते की आपल्याकडे याबद्दल जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही. बटाटा, रताळे, सुरण, शेंगदाणे, खजूर, केळी, शहाळे ही उपवासाची सगळी मुख्य सामग्री पोटॅशियमने भरलेली आहे. निर्जळी उपवासात अडचण दुसऱ्या बाजूने येते, अन्न नाही म्हणून इन्सुलिन खालावते आणि पेशींतले पोटॅशियम रक्तात येऊ लागते. ज्यांचे डायलिसिस चालू आहे त्यांच्यासाठी हा धोका विशेष आहे. आहारतज्ज्ञांनी उपवास मोडायला सांगितले नाही. त्यांनी उपवासाचे ताट बदलले. साबुदाण्यात पोटॅशियम जवळपास नसतेच, पण तो साखर वाढवतो. म्हणून थोडी भगर, त्यात उकळून पाणी काढलेल्या बटाट्याच्या मोजक्या फोडी, शेंगदाण्याचे कूट चमचाभर, काकडीची कोशिंबीर आणि थोडे दही असे ठरले. पुढच्या एकादशीनंतरही मुद्दाम तपासणी केली, तेव्हा आकडा ४.९ होता. एका माणसाच्या अशा दोन तपासण्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, परंतु माझ्या शरीरापुरते मला उत्तर मिळाले.

मधुमेही रुग्णांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. रक्तातली साखर अचानक उतरली की संत्र्याचा रस किंवा केळे द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ज्याचे पोटॅशियम वाढते त्याला तीन-चार चमचे साधी साखर पाण्यात विरघळून देणे अधिक सुरक्षित असते. माझ्या उशाशी आता साखरेचीच डबी असते, आणि घरातल्या प्रत्येकाला तिचे कारण माहीत आहे.

रुग्णालयात दाखल झालेल्या एका नातेवाइकामुळे उपचारांची दुसरी बाजूही मला जवळून पाहायला मिळाली. पोटॅशियम सातच्या घरात गेल्यावर त्यांना आधी कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन दिले गेले. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाचे स्नायू तेवढे सांभाळले जातात. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिले, त्याने काही तासांसाठी पोटॅशियम पेशींत जाते. ते शरीराबाहेर मात्र लघवी, शौच किंवा डायलिसिस यांपैकीच एका वाटेने काढावे लागते. मलाही काही काळ पोटॅशियम आतड्यातच धरून ठेवणारी पूड पाण्यातून घ्यावी लागली होती. तिच्यामुळे बद्धकोष्ठ होऊ शकते, म्हणून इसबगोल चालू ठेवले आणि दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवले.

पातळी स्थिर राहू लागल्यावर आहारतज्ज्ञांनी काही गोष्टी परत दिल्या, आणि हा टप्पा मी फार महत्त्वाचा मानतो, कारण पुष्कळांच्या बाबतीत वर्ज्य केलेले कायमचे वर्ज्यच राहते. दुपारच्या जेवणात वरण वाटीभर झाले, शेवग्याच्या शेंगेचे एखाददुसरे तुकडे आले, टोमॅटो कोशिंबिरीतून गेला तरी आमटीत थोडा राहिला. वैशाखात हापूसचा विषय निघाला. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण १७० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे मध्यम आंब्याचा अर्धा भाग शंभर-सव्वाशेच्या आत बसतो; त्या दिवशी दुसरे फळ नाही आणि जेवणात भात निम्मा, या अटीवर तो मिळाला. साखरही मोजली आणि पोटॅशियमही. दोन्ही ठरलेल्या मर्यादेत राहिले.

गेल्या तपासणीत पोटॅशियम ४.८, बायकार्बोनेट २३ आणि क्रिएटिनीन आधी होते तितकेच निघाले. लघवीतली प्रथिने मात्र गोळी निम्मी केल्यापासून थोडी वाढलेली होती. म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन पुन्हा ८० मिलिग्रॅम केले आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनीन पुन्हा पाहायला सांगितले. मूत्रपिंडांना जपणारे औषध पूर्ण मात्रेत घेता यावे यासाठीच ताटातले पोटॅशियम आवरायचे होते, आणि तेवढी जागा आता आकड्यात झालेली आहे. तपासणीसाठी रक्त गावात न देता थेट रुग्णालयातच देणार आहे, पट्टा सैल आणि मूठ उघडी ठेवून.